नाडी पाहणारे अभियंते

आपल्या मराठी घरांत, विशेषतः पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या घरांत, मुलामुलींच्या भवितव्याचे फार थोडे साचे असतात. इंदूरला आमच्या लहानपणी ते तीनच होते. डॉक्टर, इंजिनियर आणि बँक. पुढे बँकेची जागा संगणकाने घेतली, इतकाच काय तो फरक. डॉक्टर म्हणजे गळ्यात नळी घातलेला, इंजिनियर म्हणजे पूल बांधणारा किंवा अलीकडे पुण्या-बंगळूरला पडद्यासमोर बसणारा. या दोन जातींत रोटीबेटी व्यवहार होत असला, तरी दोघांचे एकत्रित असे अपत्य असू शकते, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांच्या कल्पनेत नव्हती. म्हणून २०२० साली आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीने, आमच्या भाचीने, अभियांत्रिकीच्या प्रवेशात 'बायोमेडिकल' ही शाखा पहिल्या पसंतीला लिहिली, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती काही आनंदाची नव्हती.

"म्हणजे ही होणार कोण? डॉक्टर का इंजिनियर?" असे आमच्या मेव्हण्यांनी विचारले. आमच्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, त्याहून नेमका प्रश्न केला. "दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायची, त्यासाठी चार वर्षं शिकायचं?"

आम्ही मराठीचे एम. ए. विजेशी आमचा संबंध बटण दाबून दिवा लावण्यापुरता. तथापि घरातील एकुलते एक 'शिक्षणखात्यातले' म्हणून निवाड्याचे काम आमच्याकडे आले. निवाडा करावयाचा तर आधी विषय समजून घ्यावा लागतो. त्यामुळे पुढील चार वर्षे आम्ही या अभ्यासक्रमाचे बाहेरून बसलेले विद्यार्थीच झालो. त्या शिकवणीत जे पदरात पडले ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत अकरावीच्या उंबरठ्यावर हाच प्रश्न उभा राहत असणार.

प्रथम नावाविषयी. 'जैववैद्यकीय अभियांत्रिकी' हा शब्द शुद्ध आहे, परंतु तो उच्चारून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. शब्द असा असावा की त्याने दार उघडावे. हा शब्द दाराला कडी लावतो. मानवी शरीराच्या कामी येणारी यंत्रे, उपकरणे आणि पदार्थ घडविण्याचे व सांभाळण्याचे शास्त्र, इतका त्याचा सरळ अर्थ. 'बायोइंजिनियरिंग' म्हणून जे म्हणतात ते याहून विस्तृत. त्यात पेशी, सूक्ष्मजीव आणि वनस्पतीही येतात. भाचीचा विषय रुग्णालयाच्या भिंतींच्या आतला.

पहिल्या वर्षाचे वर्ग करोनामुळे घरीच, मोबाइलच्या पडद्यावर झाले. गणित, भौतिकी आणि विजेची मंडले. यांत वैद्यकाचा मागमूस नव्हता. दुसऱ्या वर्षी मात्र तिच्या टेबलावर चमत्कारिक शेजार जमला. एका बाजूला शरीररचना आणि शरीरक्रियेचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला संकेत-प्रक्रियेचे. एकात हृदयाचे चार कप्पे, दुसऱ्यात लाटांची पृथक्करणे. आम्ही तिला विचारले, की या दोहोंची गाठ कोठे पडते? ती म्हणाली, "मामा, ई.सी.जी.मध्ये."

हृदय प्रत्येक ठोक्याला एक क्षीण विद्युत्-तरंग निर्माण करते. तो छातीच्या कातडीवर येईपर्यंत सुमारे एक मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या दाबाचा साधारण दीडहजारावा भाग. हा कण टिपण्याचे पहिले खरे साधन हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बनविले. प्रबळ विद्युत्-चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा एक अतिसूक्ष्म तंतू ताणून बसविला. इतका बारीक तंतू काढण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. वितळलेल्या क्वार्ट्झला बाण जोडून तो धनुष्यातून सोडायचा, की मागे कोळिष्टकासारखा धागा खेचला जातो. हृदयातून आलेला प्रवाह या तंतूतून गेला म्हणजे तो थरथरे, आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्रपट्टीवर उमटे. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, ते चालविण्यास पाच माणसे, चुंबक तापू नये म्हणून पाण्याची सोय. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून १९०५ मध्ये आइंटहोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत आणविले. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते शिक्षणाने वैद्य. पण हे काम वैद्याचे म्हणावे की अभियंत्याचे? मेव्हण्यांच्या प्रश्नाला हे जुने उदाहरण आम्ही एकदा जेवताना ऐकविले. त्यांनी भातावर वरण घेत "तो प्राध्यापक होता, पगार चालू होता" एवढेच म्हटले.

खरी अडचण मात्र निराळीच असते. आपल्या घरातील भिंतींतून जी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेत धावते, ती आपल्या शरीरातही आपला गुणगुणाट सोडते. आणि हा गुणगुणाट हृदयाच्या बारक्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा. मग हृदय ऐकू यावे कसे? भाचीने सांगितलेली युक्ती आमच्यासारख्या परीक्षकाला तत्काळ पटली. शरीरावरील दोन जागांचे संकेत घ्यायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. भिंतीतला गुणगुणाट दोन्हीकडे जवळजवळ एकसारखा असतो, तो वजाबाकीत नाहीसा होतो. हृदयाचा तरंग दोन जागी वेगवेगळा असतो, तो उरतो. शेजारी बसलेल्या दोन परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांत जे अक्षरशः सारखे, ते नक्कल समजून वगळावे आणि जे वेगळे त्यालाच गुण द्यावे, असा हा न्याय. ही तुलना ऐकून भाची हसली खरी, पण पुढे मैत्रिणींना समजावताना तिने तीच वापरल्याचे आमच्या कानावर आले.

या विद्येचा प्रताप मात्र आम्ही पुस्तकात नव्हे, तर २०२१ च्या एप्रिलमध्ये पाहिला. ते दिवस इंदूरकर विसरणार नाहीत. खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. घरोघरी बोटाला लावायचा तो लहानसा चिमटा, ऑक्सिमीटर, देवघरातील घंटेसारखा जपून ठेवलेला. आमच्या शेजारच्या काकूंना दोन दिवस ताप होता. एका पहाटे चिमट्याने ८२ चा आकडा दाखविला आणि त्यांच्या घरात रडारड सुरू झाली. मुलगा गाडी काढून कोठे न्यावे या विचारात उभा राहिला. भाची त्या वेळी पहिल्या वर्षात. दोन मुखपट्ट्या बांधून ती दारापर्यंत गेली आणि तेथूनच म्हणाली, "काकूंचे हात गार पडलेत का बघा आधी. नखाला रंग असेल तर पुसा, हात चोळून गरम करा, मग दुसऱ्या बोटाला लावा." तसे केल्यावर आकडा ९५ वर स्थिरावला. तापावर औषध चालूच राहिले, डॉक्टरांना फोनही झाला. पण त्या पहाटे गर्दीच्या रुग्णालयाच्या दारात रुग्णाला घेऊन तिष्ठण्याचा प्रसंग टळला. मुलीने काही उपचार केले नव्हते. यंत्र काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, एवढेच तिला ठाऊक होते.

हे यंत्र काय पाहते? दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश सहज जाऊ देते; प्राणवायू उतरलेले रक्त तो अधिक शोषते. परंतु बोटात रक्ताखेरीज कातडी, मांस, हाडही आहे, त्यांचे काय? येथे जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांची प्रतिभा दिसते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ते कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त फेकते हे एका रंगद्रव्याच्या साह्याने मोजू पाहत होते, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात सतत लाटा उठत. त्या लाटा घालविण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानी आले, की जे ठोक्याबरोबर कमी-जास्त होते तेच धमनीतले ताजे रक्त. बाकी सारे स्थिर. ज्याला ते अडथळा समजत होते तीच माहिती होती. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना जगापुढे ठेवली. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. म्हणजे त्यांच्या यंत्राचे नाव जगाच्या प्रत्येक घरात पोचत असतानाच. गार बोटात ठोका क्षीण होतो म्हणून यंत्र चुकते, हेही यावरून उलगडते.

आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी जाणून घ्यावी. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले, की काळ्या वर्णाच्या रुग्णांत प्राणवायू खरोखर घटलेला असूनही हे यंत्र तो ठीक दाखवते, असे गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडते. प्रकाश कातडीच्या रंगातूनही जातो, हे त्याचे कारण. यंत्राला जातपात नसते असे आपण म्हणतो. पण यंत्र कोणाच्या बोटावर पारखून घेतले, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारणारी माणसे आपल्याकडचीही असली पाहिजेत.

तसे पाहिले तर कारागिराचा हात आणि वैद्याची बुद्धी यांचा संयोग आपल्याला नवा नाही. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ मध्ये कैद झाला आणि टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने १७९४ मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह छापले, आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने लंडनात ती करून पाहिली. त्या वर्णनातील एक तपशील आमच्या मनात रुतून बसला आहे. कारागिराने प्रथम मेणाची पातळ पत्री घेऊन तिचे सुबक नाक घडविले. मग ती पत्री सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळविली. आधी नमुना, मग माप, मग छेद! आमच्या भाचीच्या तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासात याहून निराळे काय असते? विटांच्या साच्यावर ज्याचा हात बसला होता, त्याला हे सुचणे स्वाभाविक होते. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही, याची आम्हांला खंत वाटते.

जयपूर पायाचीही कुळकथा अशीच. साठीच्या दशकात परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला असे. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो; तो पाय त्याला काय कामाचा? जयपूरच्या रुग्णालयातील अस्थिशल्यज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि नाममात्र शाळा शिकलेले शिल्पकार रामचंद्र शर्मा या जोडीने १९६८ च्या सुमारास रबराचा, लवचीक, पावलासारखे दिसणारे पाऊल असलेला पाय तयार केला. डॉ. सेठींना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. आम्ही शाळेत हा धडा सांगताना आधी शर्मांचे नाव घेतो.

परंतु या सर्वांत आम्हांला ज्या कथेने जिंकले ती तिरुवनंतपुरमची. आपल्या देशात गरिबांच्या घरी एक रोग दबा धरून असतो. लहानपणी घसा दुखतो, मग सांधे सुजतात, ताप येतो, बरा होतो. आणि काही वर्षांनी कळते, की त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब करून ठेवल्या आहेत. झडप बदलली तर मूल जगते. परंतु झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती. शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेत सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही झडप येथेच बनवण्याचे मनावर घेतले. त्रावणकोरच्या राजघराण्याच्या जुन्या वाड्यात प्रयोगशाळा थाटली. धातुशास्त्री, रसायनशास्त्री, अभियंते, पशुवैद्य गोळा केले.

झडप म्हणजे काय? एक गोल पिंजरा, त्यात कलती होऊन उघडणारी व मिटणारी एक चकती. दिसायला पोराच्या खेळण्यासारखी. पण हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरले, तर ही चकती दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा आपटते. ती झिजता कामा नये, तुटता कामा नये, तिच्यावर रक्त गोठता कामा नये. आपल्या घरातील दाराची बिजागरी वर्षा-दोन वर्षांत करकरते, हे ध्यानी घेतले म्हणजे मागणी काय आहे ते कळते. त्यांचे पहिले तीन नमुने फसले. टायटेनियमचा पिंजरा करून पाहिला, कृत्रिम नीलमण्याची चकती घालून पाहिली. कोठे झीज झाली, कोठे दांडा मोडला. कोणत्याही सरकारी कचेरीत तिसऱ्या अपयशानंतर फाइल बंद झाली असती. येथे ती झाली नाही, हेच आम्हांला नवल वाटते. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा पिंजरा आणि एका विशेष चिवट प्लॅस्टिकची चकती आली. ही झडप यंत्रांवर कोट्यवधी वेळा आपटून पाहिली, मेंढ्यांच्या हृदयात घालून पाहिली; आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे टी.टी.के. कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर लाखाहून अधिक हृदयांत ती धडधडत आली आहे. डॉ. वलियाथन जुलै २०२४ मध्ये निवर्तले. चकतीसाठी शेवटी कठीण रत्नाऐवजी मऊ प्लॅस्टिक उपयोगी पडले, ही गोष्ट भाचीला फार आवडते. कठिणावर कठीण आपटले की दोहोंतले एक फुटते, असे ती सांगते. घरातील वादांना तिने हे सूत्र लावून पाहिले नाही, हे आमच्या मेव्हण्यांचे भाग्य.

कारण वाद होताच. मेव्हण्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढलेले. तिच्याबरोबरीची मुले संगणकशाखेत शिकत होती आणि त्यांच्या नोकऱ्यांच्या गोष्टी रोज कानी येत. २०२३ च्या उन्हाळ्यात, तिसऱ्या वर्षाअखेर, ती निमाडातील एका सरकारी रुग्णालयात सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी गेली. ते रुग्णालय आम्ही सांगत नाही. तसे ते अनेक असतील. तेथून परतली ती गप्प होऊन.

कमी वजनाच्या नवजात बालकांना ऊब देणारी यंत्रे असतात. बाळाच्या कातडीवर तापमान मोजणारा एक लहानसा संवेदक चिकटवतात. तो सांगेल त्या प्रमाणात वरची कांडी तापते वा निवते. त्या वॉर्डात अशी तीन यंत्रे होती. त्यांतील दोन प्लॅस्टिकचे आवरण घालून कोपऱ्यात उभी. तिसऱ्याखाली एका वेळी दोन-दोन बाळे. तिने आवरण काढून पाहिले, तर दोन्ही यंत्रे धडधाकट. फक्त संवेदकाच्या वायरी तुटलेल्या. "मामा, यंत्र खराब नाहीच आहे. एवढीशी वायर नाही आहे, म्हणून आठ महिन्यांपासून बंद पडलंय. आणि त्या एका मशीनखाली दोन बाळं. संवेदक तर एकाच बाळाला लावता येतो. मग दुसऱ्याचं तापमान कोण बघणार?" हे सांगताना तिचा आवाज चढला होता.

तिने वायर जोडली, अशी कथा असती तर ती सिनेमात शोभली असती. प्रशिक्षणार्थीला यंत्राला हात लावण्याची परवानगी नव्हती, आणि ते योग्यच. तिने यंत्राचा क्रमांक, संवेदकाचा प्रकार व किंमत असे सगळे लिहून मागणीपत्र तयार केले, तेथल्या परिचारिकाबाईंनी त्यावर प्रमुखांची सही घेतली. संवेदक आले ते ती परत आल्यानंतर पाच आठवड्यांनी. सरकारी नोकरीत आम्ही आयुष्य काढले आहे, त्यामुळे मागणीपत्राला आठ महिने कसे लागतात हे आम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही. मागणी कोणत्या शब्दांत करावी हे जाणणारा माणूस तेथे नसतो, म्हणून लागतात.

ही गोष्ट एका रुग्णालयाची नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीची योजना सुरू केली. त्यासाठी राज्याराज्यांतून झालेल्या मोजदादीत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद पडलेली आढळली होती. आईचा तो पहिला प्रश्न, "यंत्रं दुरुस्त करायची, त्यासाठी चार वर्षं शिकायचं?", यावर आमचे उत्तर असे आहे, की होय, आणि चार वर्षे पुरतील की नाही याची शंका आहे. विजेच्या पंख्याची गळती माणसाला झटका देते. पण हृदयापर्यंत नळी गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत विजेच्या अँपिअरचा काही लाखांशच, म्हणजे हाताला जाणवणारही नाही एवढा प्रवाह, हृदयाचा ताल बिघडवू शकतो. ही यंत्रे तपासण्याचे काम मोहल्ल्यातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला देता येत नाही.

आईला मात्र हा विषय आपोआप जवळचा झाला. २०१७ मध्ये तिच्या छातीत पेसमेकर बसविला आहे. मराठीत त्याला काय म्हणावे यावर आमचे आणि भाचीचे बरेच दिवस चालले होते. 'गतिकारक' शब्द कोशात ठीक, पण आजीला सांगताना भाची म्हणाली, "आजी, तुझं हृदय चांगलं गातं, पण मधूनच सम चुकतं. हा तबलजी आहे. तू नीट गात असलीस तर तो हात आखडून बसतो. चुकलीस की ठेका धरतो." यंत्र आधी ऐकते आणि गरज पडली तरच बोलते, हे त्याचे सारे तत्त्व या दोन वाक्यांत आले. आम्ही मराठीचे एम. ए. असून आम्हांला हे सुचले नव्हते. आई आता डॉक्टरांपुढेही "माझ्या तबलजीचं बघा" असे म्हणते.

त्या तबलजीचा पहिला अवतार १९५८ सालच्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थांच्या शरीरात बसला. त्यांचे हृदय दिवसातून अनेकदा थांबू पाहत होते आणि त्यांच्या पत्नीने डॉक्टरांच्या मागे धोशा लावला होता. शल्यवैद्य ओके सेनिंग आणि यंत्र करणारे रूने एल्मक्विस्ट. हे एल्मक्विस्ट वैद्यकाचे पदवीधर, पण आयुष्यभर केले ते अभियंत्याचे काम. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात त्यांनी यंत्र ओतले. ते काही तासच चालले. मग दुसरे बसविले. लार्सन पुढे ४३ वर्षे जगले, आयुष्यात दोन डझनांहून अधिक पेसमेकर त्यांनी वापरले आणि २००१ मध्ये ते वारले, तोवर त्यांचे शल्यवैद्य आणि अभियंता दोघेही जगातून गेले होते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या भाचीची शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी, पुस्तके इंग्रजी, आणि निमाडातील त्या वॉर्डातल्या आया निमाडी बोलणाऱ्या. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली. अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकविण्यास २०२१ पासून मुभा आहे, त्यात मराठीही आहे. हे स्वागतार्ह आहे. तरी आमचे मत असे, की परीक्षा कोणत्याही भाषेत द्या, विषय आपल्या आजीला सांगता आला तरच समजला असे मानावे.

पालकांसाठी दोन व्यवहारातील गोष्टी. या शाखेला बहुतेक ठिकाणी बारावीला गणित लागते. केवळ जीवशास्त्र घेतलेल्या मुलांची वाट तेथे अडते. मुलाला दोन्हींत गोडी असेल तर अकरावीत गणित सोडू देऊ नये. आमच्या इंदुरात श्री गोविंदराम सेक्सरिया संस्थेत ही शाखा आहे. हैदराबादकरांना उस्मानिया विद्यापीठ आणि तेथील आय.आय.टी., बडोदेकरांना अहमदाबादचे एल. डी. महाविद्यालय जवळ पडेल. नोकऱ्या संगणकाइतक्या नाहीत, आरंभीचा पगारही तितका नाही. हे कोणी लपवू नये.

शेवटच्या वर्षी हाच पेच आमच्या घरी आला. भाचीला बंगळूरच्या एका संगणक कंपनीची नोकरी चालून आली. तिचे मन मात्र पुढे शिकण्याकडे. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. ती देऊन तिने बऱ्यापैकी क्रमांक मिळविला होता. मेव्हण्यांनी कर्जाच्या हप्त्यांचा कागद पुढे ठेवला. तो कागद खोटा नव्हता. बहिणीने दोघांकडे पाहिले आणि मग आमच्याकडे. आम्ही एवढेच सुचविले, की शिष्यवृत्तीची रक्कम आणि हप्ता यांची वजाबाकी करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 'गेट'वर दरमहा शिष्यवृत्ती मिळते. वजाबाकी जेमतेम जुळली. उरलेली तूट आईने आपल्या निवृत्तिवेतनातून भरून देण्याचे जाहीर केले, आणि वर "तबलजीचे पैसे समज" असे म्हणाली. त्यावर कोणाला बोलता आले नाही.

आय.आय.टी. मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची तीच श्रीचित्रा संस्था मिळून रुग्णालयीन अभियांत्रिकीचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. भाची तेथे गेली. तिचा फोन रविवारी येतो. बोलणे बहुधा जेवणातल्या सांबारावरून सुरू होते आणि कोणत्या तरी संवेदकावर येऊन थांबते. मेव्हणे फोन जवळ धरून सगळे ऐकतात आणि लग्नकार्यात कोणी विचारले, की मुलगी काय करते, तर समोरच्याची पंगत थांबवून सविस्तर सांगतात. मध्ये एखादा शब्द अडला, तर आमच्याकडे वळून विचारतात.